अकरावं पाणी

हौसाबाई तुपेला आकडे येत नाहीत असं प्रयोगशाळेत पुष्कळजण म्हणत. ते खोटं होतं. आकडे तिला येत होते, पण त्यांच्यावर तिचा भरवसा नव्हता. बाटली विसळता विसळता कुणी "हौसाबाई, चहा झाला का?" म्हणून डोकावलं की झालं, हे सहावं पाणी की सातवं ते ध्यानातून जाई. माणसं मात्र ध्यानातून जात नाहीत. म्हणून तिनं एकेका पाण्याला घरचं एकेक माणूस नेमून टाकलं होतं. पहिलं पाणी सासऱ्याचं, दुसरं सासूचं, तिसरं बापाचं, चौथं आईचं. मग दोन भाऊ, मग नणंद. आठवं नवऱ्याचं, नववं लेकीचं, म्हणजे शालनचं. आणि दहावं त्या पोराचं, जे पाचवी पुजायच्या आत गेलं. त्याला नाव ठेवायचं राहून गेलं होतं, पण पाणी त्याला रोज मिळत होतं.

ही दहा पाणी नळाची. त्यानंतर तीन पाणी डिस्टिलची, ती देवांची. खंडोबा, यमाई, जोतिबा. एवढं झालं की बाटली उपडी घालायची. बाटल्या धुण्यासाठी सरकारनं नेमलेल्या बाईला याहून जास्त गणित कशाला लागतं, तुम्हीच सांगा.

प्रयोगशाळा पुण्यातलीच. तापाच्या विषाणूंचा अभ्यास तिथं चाले. हौसाबाईचं सगळं आयुष्य रविवार पेठेत, सोनारांच्या आळीत गेलेलं. नवरा किसन एका सोनाराकडे दागिने उजळायचा आणि ही मागच्या अंगणात ते धुवायची. मग सरकारनं सोन्यावर नियंत्रण आणलं, एकामागून एक भट्ट्या विझल्या, आणि किसन घरी बसला तो बसलाच. वर त्याला दम्यानं गाठलं. तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं हौसाबाई इथं रोजंदारीवर लागली. आळीतल्या बायका तिला 'डासांची दाई' म्हणत. सगळ्या गावानं डास मारायचे आणि हिनं पगार घेऊन त्यांची बाळंतपणं करायची, असा त्यांचा विनोद होता. हौसाबाई म्हणायची, "तुमच्या नवऱ्यांपरीस डास बरे गं. चावल्यावर निदान उडून तरी जातात."

ती ज्या विभागात होती तिथं डॉक्टर पाळंदे डासांच्या पेशी बाटलीत जगवायच्या मागे लागले होते. हाडमोड्या तापाचा विषाणू डासाच्या अंगात मजेत वाढतो. तेव्हा डासच नको, नुसत्या त्याच्या पेशी बाटलीत वाढत्या ठेवता आल्या तर त्या विषाणूला रोज डोळ्यांसमोर बघता येईल, असा त्यांचा हिशेब. सांगायला सोपं. करायला तीन वर्षं गेली होती आणि सेहेचाळीस खेपा फुकट गेल्या होत्या.

हातांनी ते काम करायची कुमुद डोळे. मुलगी पंचविशीतली, सदाशिव पेठेतली, चष्मा जाड. डोळे आडनावाच्या मुलीनं दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसावं, यावर करायचे तेवढे विनोद सगळ्यांचे करून झाले होते. डासिणीनं कागदाच्या पट्टीवर घातलेली अंडी ती औषधात बुडवून निर्जंतुक करी. त्यातून केसासारख्या अळ्या निघाल्या की पात्यानं अळू चिरावं तशा बारीक चिरी आणि तो चुरा पेशींना पोसणाऱ्या गुलाबी मीडियमच्या बाटलीत सोडी. हौसाबाई त्या मीडियमला पेज म्हणायची. चुऱ्यातल्या पेशी काचेला चिकटल्या, वाढल्या, बाटली भरली, की त्यातल्या थोड्या काढून नव्या बाटलीत लावायच्या. ती झाली एक पिढी. एरवी दोन-तीन पिढ्यांत सगळं मरून जाई. सत्तेचाळिसाव्या खेपेला मात्र पेशींनी मनावर घेतलं. पाच पिढ्या झाल्या, दहा झाल्या, पंधरा झाल्या. पाळंदे कुणाला काही बोलत नव्हते, पण जिन्यावरून उतरताना शीळ घालायला लागले होते.

कुमुदनं एकदा हौसाबाईला बोलावून सूक्ष्मदर्शकात दाखवलं. हौसाबाईला आधी आपल्याच पापण्या दिसल्या. मग हळूहळू दिसलं, काचेच्या तळाला सांडलेल्या साबुदाण्यासारखं काहीतरी, काही गोल, काही लांबट, एकमेकांना धरून बसलेलं.

"हे डास?" तिनं विचारलं.

"डास नाही, डासाचं अंग. डास कधीच मेला, अंग जगतंय. नीट सांभाळलं तर मरणारच नाही."

"म्हंजे आपुन मेल्यावर बी?"

"आपण मेल्यावरसुद्धा," कुमुद म्हणाली. "पण तुमच्या बाटल्या चांगल्या म्हणून हं. काच जराशी घाण असली तर ह्या पाय टेकत नाहीत."

ते ऐकून हौसाबाईची मान ताठ झाली. इतक्या वर्षांत तिच्या धुण्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं.

त्या साली रुपया पडला आणि परदेशी सामानाचे वांधे झाले. बाटल्या धुवायची पावडर विलायतेहून यायची, ती भाद्रपदात संपली. नवी बंदरात अडकली होती म्हणे. भांडारातून धुण्याचा सोडा आला. सोड्यानं बाटलीवर धुरकट सायीसारखं काहीतरी राही, दहा पाण्यांनीही जाईना. हौसाबाई बाटली खिडकीशी धरून बघायची आणि तिला लाज वाटायची. सोनाराच्या अंगणात असा मळकट दागिना कुणी गिऱ्हाइकापुढं ठेवला असता तर सोनारानं पुन्हा अंगणात पाऊल ठेवू दिलं नसतं.

मग तिनं जे सोनाराकडे केलं असतं तेच केलं. घरून पदरात रिठे बांधून आणले. फोडले, बिया काढल्या, कोमट पाण्यात भिजवून फेस काढला. दहा पाणी झाल्यावर शेवटची बुडी रिठ्याच्या पातळ पाण्यात. दागिन्यालाही शेवटी हीच बुडी देतात, त्यानं लकाकी येते. वर देवांची तीन पाणी. बाटल्या अशा निघाल्या की काच आहे की नाही ते हात लावून बघावं लागे.

पाळंद्यांनी एक बाटली उजेडात धरली. "हौसाबाई, यात बघून भांग पाडता येईल. काय घालता काय?"

"घरचंच हाय," ती लाजून म्हणाली.

"बरं, जे घालता ते घालत राहा." एवढं म्हणून ते गेले. पुढं त्यांनी विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही. शिवाय तीन वर्षांच्या रोजंदारीनंतर तिचं नाव कायम होणाऱ्यांच्या यादीत लागलं होतं. दिवाळीच्या आदल्या शनिवारी कचेरीत मुलाखत होती. अशा वेळी साहेबांनी शाबासकी दिली तर कोण उगाच रिठ्याची पुराणं सांगत बसेल.

नवरात्र बसलं आणि पेशी मरायला लागल्या.

एकदम नाही. विसाव्या पिढीच्या बाटल्यांत त्या नीट चिकटल्याच नाहीत. गोल होऊन सुटल्या आणि पेजेत तरंगायला लागल्या. एकविसावी लावली, ती चार दिवसांत गेली. कुमुदनं पेज बदलली. वासराच्या रक्तातला जो रस त्यात घालतात तो नवा मागवला. उबेच्या पेटीचा तापमापक दुसऱ्या तापमापकाशी ताडून पाहिला. काही उपयोग झाला नाही. पाळंद्यांची शीळ बंद झाली. दसऱ्यानंतर ते कुमुदच्या मागं उभं राहून तिचे हात बघायला लागले. कुणी मागं उभं राहिलं की चांगल्या चांगल्या माणसाचे हात कापतात. तिचेही कापायला लागले, आणि ते त्यांना दिसलं.

शेवटी जिवंत अशी एकच बाटली उरली, एकोणिसाव्या पिढीची. जुनी, काठाला ओरखडे पडलेली. ती पेशींनी गच्च भरली होती. आणखी ठेवली तर त्या आपल्याच दाटीनं सुटल्या असत्या. तेव्हा शुक्रवारी ती नव्या बाटल्यांत लावायची असं ठरलं. पाळंदे कुमुदला म्हणाले, आणि ते धुण्याच्या खोलीपर्यंत ऐकू आलं, "ही गेली तर तीन वर्षं गेली, मिस डोळे. मग या कामावर माणूस ठेवायचं कारणच उरत नाही. वरती मला तसंच लिहावं लागेल."

हौसाबाईला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं वेगळं आणि काळीज धडधडणं वेगळं. ते मंगळवारी सुरू झालं.

सोमवारी संध्याकाळी तिनं शालननं माहेरी ठेवलेला लग्नातला शालू रिठ्याच्या पाण्यात बुचकळून काढला होता. शालनचा पहिला दिवाळसण होता, जावई येणार होते. उरलेलं फेसाचं पाणी तिनं अंगणातल्या फुटक्या रांजणात ओतून दिलं. त्या रांजणात पावसाचं पाणी साचलेलं आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत. रोज त्या दिसत. रोज ती म्हणे, आमच्या हापिसात पाठवा गं यांना. मंगळवारी सकाळी ती दात घासत रांजणाशी उभी राहिली, तर पाणी गप्प होतं. सगळ्या अळ्या वर तरंगत होत्या. तिनं काडीनं ढवळून पाहिलं. एक हलली नाही.

तिच्या तोंडातली मशेरी तशीच राहिली. अळी म्हणजे तरी काय, डासाचं पोरच. कुमुद तीच तर चिरते.

"अवं," तिनं घरात जाऊन नवऱ्याला हलवलं. "रिठ्यानं डासाची पोरं मरतात."

"बरं हाय की," किसन म्हणाला आणि कूस वळला.

त्या दिवशी ती बसस्टॉपपर्यंत चालत नाही, पळत गेली. धुण्याच्या खोलीत तिच्या ताब्यात बाटल्या होत्या बारा. त्या तिनं हात लाल होईपर्यंत नुसत्या गरम पाण्यानं घासल्या. पण वाफेवरून निघालेल्या चाळीस बाटल्या पत्र्याच्या डब्यात बंद होऊन कुमुदच्या खोलीत जाऊन बसल्या होत्या. शुक्रवारी त्यातल्याच उघडायच्या.

ती कुमुदच्या दाराशी गेली. आत जायची तिला परवानगी नव्हती. उंबऱ्याच्या बाहेरून म्हणाली, "डोळेबाई, त्या चाळीस बाटल्या परत द्या की. म्या पुन्यांदा धुते."

"का? लख्ख आहेत की."

"तसंच. उगं मनाचं समाधान."

"हौसाबाई, सध्या या खोलीत फक्त तुमच्या बाटल्याच तेवढ्या चांगल्या आहेत," कुमुद म्हणाली आणि हसायचा प्रयत्न केला. "त्यांना नका हात लावू."

तिथं बोलायचं होतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण मागून पाळंद्यांच्या बुटांचा आवाज आला, आणि हौसाबाई "बरं" म्हणून वळली. आपण का वळलो हे तिनं नंतर कितीदा विचारलं असेल स्वतःला. कायमची नोकरी, किसनची औषधं, शालनचा दिवाळसण, सगळं त्या एका 'बरं'मध्ये होतं.

बुधवारी दुपारी कुमुद धुण्याच्या खोलीत आली. कधी येत नसे. वाफेच्या हंड्याजवळच्या स्टुलावर बसली, चष्मा काढला आणि रडायला लागली. आवाज न करता, नाक पुसत.

"माझेच हात," ती म्हणाली. "सर म्हणतात ते खरं असेल. दुसरं काही उरतच नाही. सगळं तपासलं मी."

हौसाबाईनं स्टोव्हवर चहा टाकला. आलं ठेचलं. साखर दोनदा घातली, कारण पहिली घातल्याचं आठवेना. कप पुढं केला. म्हणाली, "प्या. गरम हाय." आणि एवढंच म्हणाली. कुमुदनं चहा प्यायला, चूळ भरली, डोळ्यांवर पाणी मारलं आणि जाताना हौसाबाईच्या दंडाला हात लावून गेली. तो हात लागलेली जागा हौसाबाईला संध्याकाळपर्यंत जाणवत राहिली. कुणी चापट मारली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

घरी तिनं किसनला सगळं सांगितलं. किसन पाटाला टेकून श्वास ओढत ऐकत होता.

"तुला कुणी इचारलं का?"

"न्हाई."

"मंग तोंड बंद ठेव. शनवारी कागदावर अंगठा पडू दे, मंग काय बोलायचं ते बोल."

"शनवारी बोलून काय करू? शुक्रवारी ती बाटली त्या बाटल्यांत वतनार. मरनार. त्या पोरीच्या नावावर मरनार."

"त्या पोरीला बाप हाय, भाऊ हाय, सदाशिव पेठेत घर हाय. आपल्याला काय हाय?"

किसन वाईट माणूस नव्हता. त्यानं जे पाहिलं होतं त्यावरून तो बोलत होता. गुरुवारी ती कामावर गेली आणि दिवसभर बाटल्या विसळत राहिली. आठव्या पाण्याशी, म्हणजे किसनच्या पाण्याशी, तिचं चुकायला लागलं. चारदा तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. दहावं पाणी ओतताना तिला ते पोर आठवलं. त्याचंही असंच झालं होतं. सुईण काहीतरी चुकली होती हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोललं नव्हतं. सुईण सासूच्या नात्यातली होती. आणि पुढं सगळी आळी म्हणायची, हौसाचं दूधच वाईट.

शुक्रवारी सकाळी ती दहाच्या आत कुमुदच्या दाराशी उभी होती. आत कुमुदनं हात धुऊन, तोंडाला फडकं बांधून काम मांडलं होतं. बर्नर पेटलेला. एका बाजूला ती जुनी ओरखड्यांची बाटली, दुसऱ्या बाजूला लखलखणाऱ्या नव्या चार. पाळंदे भिंतीला टेकून उभे. कुमुदनं जुन्या बाटलीचं बूच हातात घेतलं.

"थांबा," हौसाबाई म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. ती उंबरा ओलांडून आत आली होती, ओल्या पायांनी.

"हौसाबाई, बाहेर," पाळंदे म्हणाले.

"जाते साहेब. आधी ते बूच लावा. नव्या बाटल्या इखारी हायत, ही जुनी तेवढी पावडरीनं धुतलेली. म्या त्यांला शेवटाला रिठ्याची बुडी देते. पावडर सरली तवापासून. रिठ्यानं डासाची पोरं मरतात, म्या बघितलंय. डोळेबाईंच्या हाताचं कायबी न्हाई त्यात. माझ्या हाताचं हाय."

कुमुदनं बूच परत लावलं. पाळंद्यांनी नवी बाटली उचलली, थोडं पाणी घातलं, बोटानं तोंड दाबून जोरात हलवली आणि उजेडाशी धरली. पाण्याच्या कडेला फेसाची बारीक, बांगडीसारखी रेघ उभी राहिली. ती मोडेना. पाळंद्यांनी बाटली पुन्हा हलवली, तरी रेघ तशीच.

"रिठा," ते म्हणाले. "तीन वर्षं शिकलो मी परदेशात. आमची आई रिठ्यानं लोकर धुवायची." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कळलं कधी हे?"

इथं 'आत्ताच' म्हणता आलं असतं. कुणाला कळलं नसतं.

"मंगळवारी," हौसाबाई म्हणाली.

कुमुदनं तोंडावरचं फडकं खाली केलं. "बुधवारी मी तुमच्याजवळ बसून रडले," ती म्हणाली. "तुम्ही चहा केलात मला."

"व्हय."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"व्हय, बाई."

कुमुद खिडकीशी जाऊन उभी राहिली. हौसाबाईला वाटलं, हिनं आपल्याला काहीतरी टाकून बोलावं. पण सदाशिव पेठेतली मुलगी, तिला तेही जमेना.

पाळंदे म्हणाले, "मला हे सगळं वरती लिहावं लागेल. उद्याच्या तुमच्या मुलाखतीआधी जाईल ते."

"लिवा."

"घालत राहा असं मी म्हणालो होतो, तेही लिहीन." त्यांनी घड्याळ बघितलं. "ती बाटली उद्यापर्यंत थांबेल, जास्त नाही. आता धुवा. माझ्यासमोर."

सोडा नाही, रिठा नाही, नुसतं कढत पाणी आणि कुंचा. पाळंदे धुण्याच्या खोलीत दाराशी वही घेऊन उभे राहिले. हौसाबाईनं पहिली बाटली नळाखाली धरली. सासरा. सासू. बाप. आई. तिचे ओठ हलत होते आणि पाळंदे त्यावरून रेघा ओढत होते. किसनचं पाणी या वेळी चुकलं नाही. शालन. मग ते पोर. दहा झाली. पाळंद्यांनी डिस्टिलच्या पिंपाची तोटी सोडायला हात पुढं केला, तर हौसाबाईनं बाटली पुन्हा नळाखालीच धरली.

"दहा झाली," ते म्हणाले.

"असू द्या. आनिक एक."

त्यांनी वहीत अकरावी रेघ ओढली. तिच्या ताब्यातल्या बाराच्या बारा बाटल्यांना तिनं अकरा पाणी दिली.

शनिवारी पेशी त्यातल्या चार बाटल्यांत गेल्या. शनिवारीच कचेरीत मुलाखत झाली आणि हौसाबाईच्या नावापुढं 'तूर्त स्थगित' असं लिहिलं गेलं. किसन त्या रात्री जेवला नाही. दिवाळी आली. शालन आली, जावई आले. हौसाबाईनं जावयाच्या अंगाला उटणं समजून हरभऱ्याचं कोरडं पीठ पुढं केलं आणि चकल्या अशा करपवल्या की त्या बंबातच शोभल्या असत्या. शालन म्हणाली, "आई, तुझं ध्यान कुठंय?" ध्यान चार बाटल्यांत होतं. नऊ दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता. सुट्टीतही कुमुद रोज येऊन बघून जाते हे तिला रखवालदाराकडून कळत होतं. काय दिसलं ते कळत नव्हतं, कारण कुमुद तिच्याशी बोलत नव्हती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवात झाली. कुमुद धुण्याच्या खोलीच्या दारात आली. आत आली नाही.

"चिकटल्या," ती म्हणाली, आणि गेली.

हौसाबाई स्टुलावर बसली. नळ वाहता राहिला होता, तो बंद करायचं तिला बराच वेळ सुचलं नाही.

कायमचा कागद तिला दीड वर्ष उशिरा मिळाला. कुमुद त्याच्या आधीच बोलायला लागली होती, आधी कामापुरतं, मग तक्रारीपुरतं, मग सगळंच. पण बुधवारच्या चहाचा विषय दोघींनी कधी काढला नाही. पेशींच्या पन्नास पिढ्या झाल्या, शंभर झाल्या. मग मोजायचा कंटाळा आला. बंद बाटल्यांतून त्या विमानानं दूरदेशी गेल्या. पाळंद्यांनी कामाची रीत टंकून भिंतीवर लावली, आणि जे पाहिलं ते लिहिण्याची त्यांना सवय असल्यानं तिच्यात लिहिलं की बाटल्यांना नळाची अकरा पाणी द्यावीत.

हौसाबाई निवृत्त व्हायच्या वर्षी कलकत्त्याहून लाहिरी नावाचे एक साहेब ही विद्या शिकायला आले. माणूस चौकस. भिंतीवरचा कागद वाचून म्हणाले, जगात सगळीकडे दहा पाणी देतात, तुमच्याकडे अकरा कशी? पाळंदे म्हणाले, अकरा पाण्यांत पेशी जगतात एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय, पुढचं धुणाऱ्या बाईंना विचारा. लाहिरींना मराठी येत नव्हतं. म्हणून कुमुद त्यांना घेऊन धुण्याच्या खोलीत आली. तिचे केस आता कानाशी पिकले होते.

"हौसाबाई, साहेब विचारतायत, अकरावं पाणी कशासाठी?"

हौसाबाईनं बाटली विसळून उपडी घातली, हात पदराला पुसले. तिनं दहाही माणसं सांगितली, सासऱ्यापासून त्या बिननावाच्या पोरापर्यंत. लाहिरी पेन उघडून उभे होते.

"आनि अकरावं तुमचं," ती म्हणाली. "बुधवारी चहा दिला, तवा जे सांगायचं व्हतं ते दिलं न्हाई, त्याचं. रोज देते."

कुमुदनं चष्मा काढून पुसला. लाहिरींनी विचारलं, काय म्हणाल्या बाई? कुमुद त्यांना इंग्रजीत म्हणाली की कारण आहे, तपासून पाहिलेलं आहे, यात एकही कमी करू नका.

लाहिरींनी वहीत अकरा लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. कलकत्त्याला त्यांच्याकडे आजही बाटल्यांना अकरा पाणी देतात.